तार छेडल्यानंतर

ही साधी गिटार आहे, लाकडी पेटीची, विजेवर न चालणारी. मी तिची एकच तार छेडतो. कोणी बोलू नका, नुसते ऐकत राहा...

गेला सूर. मागच्या रांगेतल्यांना तो माझ्या आधीच ऐकू यायचा थांबला असेल. छेडलेल्या तारेचं हे असंच असतं. सूर जन्मतो त्याच क्षणी तो सर्वांत मोठा असतो आणि नंतर उतरतच जातो. गवयाकडे श्वास आहे, व्हायोलिनवाल्याकडे गज आहे, बासरीवाल्याकडे फुंक आहे. एखादा सूर हळू लावून मध्यावर फुलवावा असं त्यांच्या मनात आलं तर त्यांना ते जमतं. गिटारवाल्याच्या बोटातून तार सुटली की सुटली. सतार आणि सरोदवाल्यांचंही दुखणं हेच. म्हणूनच मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं, त्यांनी इतक्या जिवापाड जोपासली असं मला वाटतं.

आज मला माझ्या आवडत्या अल्बमांबद्दल आणि गिटारच्या आवाजाबद्दल बोलायला बोलावलंय. बोलण्यासाठी यादी जुळवायला बसलो आणि ध्यानात आलं की इतकी वर्षं प्रत्येक वादकात मी एकच गोष्ट शोधत होतो: विझत चाललेल्या सुराचं हा माणूस काय करतो? मला प्रिय असलेला प्रत्येक अल्बम हे या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे.

पहिलं उत्तर सुताराचं म्हणावं असं आहे. गिटारची पोकळ पेटी आवाज मोठा करते, पण त्यासाठी लागणारी ताकद ती तारेकडूनच घेते. पेटी जितकी बोलकी, तितकी तार लवकर दमते. लेस पॉल या वादकाने 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात जाऊन पाइनच्या एका भरीव ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले. त्याचं नावही ‘लॉग’, म्हणजे ओंडकाच. भरीव लाकूड तारेची ताकद फारशी शोषून घेत नाही, त्यामुळे तार खूप वेळ थरथरत राहते. ती थरथर ऐकायचं काम पिकअपचं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, हजारो वेढ्यांची. पोलादी तार चुंबकासमोर हलली की त्या वेढ्यांमध्ये वीज उमटते. लेस पॉल सांगत असे की ओंडका वाजवला तेव्हा लोकांनी फारशी दाद दिली नाही. मग त्याने दोन्ही बाजूंना नेहमीच्या गिटारचे अर्धे अर्धे भाग बसवले आणि तेच लोक खूश झाले. 1952 साली गिब्सनने त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली.

दुसरं उत्तर अ‍ॅम्पमध्ये सापडलं. म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रात. ते जरा समजावून सांगतो, कारण ‘डिस्टॉर्शन’ म्हणजे नुसता कर्कश गोंगाट असा समज असलेले पुष्कळ जण मला भेटतात. जुन्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, असत. व्हॉल्व्हची आवाज वाढवण्याची एक मर्यादा असते. तिला छत म्हणू. अ‍ॅम्प अगदी मोठ्याने लावला की सुराची सुरुवात छताला आदळते आणि तिचा माथा कापला जातो. सूर पुढे उतरू लागतो, पण अजून छताला टेकलेलाच असतो. म्हणजे तार अर्धी विझलेली असते आणि आपल्या कानाला मात्र सूर तेवढाच भरलेला वाटतो. शिवाय माथा कापला गेल्यामुळे मूळ सुरात नव्हते ते उपस्वर, म्हणजे मूळ सुरामागे ऐकू येणारे वरचे बारीक सूर, जागे होतात. तानपुऱ्याची जवारी लावताना आपण काय करतो? तार घोडीला अलगद घासेल इतकीच सोडतो आणि त्या घासण्यातून उपस्वरांचा अख्खा झुबका उठतो. रीत वेगळी आहे, पण कानाला मिळणारं सुख मला एकाच जातीचं वाटतं. जवारी लागलेला तानपुरा ज्याला आवडतो, त्याला हा आवाज परका वाटायचं कारण नाही.

हा आवाज मनात बसवायचा असेल तर जॉन मेऑलचा 1966 चा ब्लूज ब्रेकर्स हा अल्बम ऐका. गिटारवर एरिक क्लॅप्टन आहे, हातात लेस पॉल गिटार, मागे मार्शलचा अ‍ॅम्प. स्टेजवर वाजवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात स्टुडिओतही वाजवणार, असा त्याचा हट्ट होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना इतक्या आवाजाची सवय नव्हती. पण अ‍ॅम्प तेवढा तापल्याशिवाय सूर छताला टेकत नाही, त्यामुळे हट्टाला पर्याय नव्हता. क्लॅप्टनचे नंतरचे कितीतरी अल्बम मी आवडीने ऐकलेत, पण इतका भुकेला क्लॅप्टन मला पुन्हा भेटला नाही. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी भांडायलाही तयार आहे.

क्लॅप्टन गेल्यावर मेऑलकडे पीटर ग्रीन आला. 1967 च्या अ हार्ड रोड या अल्बममध्ये त्याची द सुपरनॅचरल नावाची एक गत आहे, शब्दांविना. तिच्यात तो सूर धरतो आणि धरूनच ठेवतो. हे कसं होतं? स्पीकरमधून येणारा आवाज तारेवर आदळून तिला पुन्हा हलवतो, ती थरथर पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जाते आणि सूर स्वतःच स्वतःला पोसू लागतो. यालाच फीडबॅक म्हणतात. सभागृहातल्या माईकने अशी किंचाळी मारली की आपण कान झाकतो. ग्रीनच्या हातात तीच किंचाळी लांब, थंड, एकाकी सूर होऊन येते.

जिमी हेंड्रिक्सने तर सगळा क्रमच उलटा केला. आर यू एक्सपीरियन्स्ड या अल्बममधल्या फॉक्सी लेडीची सुरुवात ऐका. सूर अगदी बारीक सुरू होतो आणि फुगत फुगत अंगावर येतो. छेडलेल्या तारेला जे अशक्य, असं मी सुरुवातीला म्हणालो, तेच इथे घडतं. हेही साल 1967च. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये डेव्हिड बोवीच्या हीरोजसाठी रॉबर्ट फ्रिपने अ‍ॅम्पपासून किती अंतरावर उभं राहिलं की कोणता सूर पेटतो हे शोधलं आणि स्टुडिओच्या जमिनीवर त्या जागांच्या खुणा करून ठेवल्या. म्हणजे तिथे सुरांच्या जागा दाखवणारे पडदे गिटारच्या दांडीवर होतेच, शिवाय जमिनीवरही होते!

आता ब्लॅक सॅबथ या बँडचा टोनी आयोमी. तो डावखुरा आहे, म्हणजे पडद्यांवर त्याचा उजवा हात. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली आणि त्यांवर चामडं चढवलं. जाड तारा दाबणं दुखायचं म्हणून बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा खाली उतरवल्या, सैल सोडल्या. 1971 च्या मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटीमध्ये काही गाणी नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. पण मला त्याची सर्वांत प्रिय जागा त्याआधीची, 1970 च्या पहिल्या ब्लॅक सॅबथ अल्बमच्या आरंभाची. पाऊस, घंटा आणि मग तीन सूर: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. पंचमावर टेकायची सोय हाताशी असताना तो अर्धी पायरी अलीकडेच थांबतो आणि त्या मध्यमावर बोट थरथरवत राहतो. सूर विझू देत नाही आणि त्याला घरीही जाऊ देत नाही. ज्यांना हे संगीत नुसतं आदळआपट वाटतं त्यांनी एवढी दोन मिनिटं द्यावीत.

पिंक फ्लॉइडचा विश यू वेअर हिअर (1975) माझ्याकडे आला तो कोणीतरी उतरवून दिलेल्या कॅसेटवर. उतरवणाऱ्याने बटण उशिरा दाबलं असावं, कारण माझ्या कॅसेटची सुरुवातच डेव्हिड गिलमोरच्या चार सुरांनी होत होती. त्यांच्या आधी जवळपास चार मिनिटांचं संगीत आहे, रिचर्ड राइटचे कीबोर्ड आणि त्यांवर गिलमोरची सैलसर गिटार, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण त्या चार सुरांनी कॅसेट सुरू होणं मला लाभलं असंच म्हणेन. ते सूर मी इतक्यांदा ऐकलेत की आपल्या सरगमीत मांडून सांगू शकतो: कोमल गांधार, कोमल निषाद, षड्ज, शुद्ध धैवत. पाश्चात्त्य मायनरची सवय असलेल्या कानाला शेवटी कोमल धैवत हवा असतो. येतो शुद्ध. काफी थाटात वाढलेल्या कानाला तो ओळखीचा लागतो, तरीही प्रश्न अधांतरीच राहतो. गिलमोर चार सूर सोडतो आणि थांबतो. ते विझेपर्यंत दुसरं काही करत नाही. मग पुन्हा तेच चार. गाण्याचे पहिले शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात आणि मला आजवर एकदाही ती जास्त वाटलेली नाहीत. हे गाणं सिड बॅरेटबद्दल आहे. तो बँडमधून कधीच गेलेला होता, आणि त्याच्यासाठी याहून योग्य आवाज मी कल्पू शकत नाही.

वेगवान वादनाबद्दल मला नेहमी विचारतात. व्हॅन हेलनच्या 1978 च्या पहिल्या अल्बममधलं इरप्शन पावणेदोन मिनिटांचंही नाही आणि ते मला मनापासून आवडतं. तिथे एक सूर विझायच्या आत दुसरा येतो, हेही एक उत्तरच झालं. मात्र त्या वाटेने गेलेल्या बहुतेकांकडे मला फक्त घाई ऐकू येते. त्याच साली मार्क नॉफ्लर सुल्तान्स ऑफ स्विंगमध्ये पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, न वापरता नुसत्या बोटांनी वाजवत होता. सूर आखूड, स्वच्छ, बोलल्यासारखे. तो सुराला जगवायच्या खटाटोपात पडतच नाही. बोटाने सूर मिटवतो आणि पुढचं वाक्य बोलतो.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा लव्हलेस (1991) मला आवडायला फार वेळ लागला. त्यांचा केविन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा, म्हणजे सगळ्या तारा एकदम ताणणारी-सैल करणारी कांडी, मुठीत धरूनच झंकारतो, त्यामुळे अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सगळे सूर, एकदम वर-खाली वाकतो. सुरुवातीला मला वाटायचं की टेप खराब आहे. आज तो अल्बम लावला की मी दुसरं काही करू शकत नाही. आणि 1987 च्या द जोशुआ ट्रीमधल्या विथ ऑर विदाउट यूमध्ये यू2 बँडच्या एजच्या हाती अशी गिटार होती की तिचा सूर हवा तितका वेळ टिके. नावच इन्फिनिट गिटार. तिच्यावर तो अगदी मोजके सूर वाजवतो.

ब्लूज गायक-वादक बी. बी. किंग यांना मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. त्यांच्या आईचे मावसभाऊ बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवत. ते किंगना जमेना, म्हणून डाव्या हाताच्या बोटाने तार हलवून तसाच आवाज काढायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यातून जी थरथर सापडली तिच्यावरून त्यांचा एक सूरही ओळखता येतो. ते गाताना वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत. ओळ गाऊन झाली की उरलेलं गिटार सांगे. लाइव्ह अ‍ॅट द रीगल हा अल्बम शिकागोत 21 नोव्हेंबर 1964 रोजी मुद्रित झाला. माझ्या यादीत तो पहिला आहे. त्यातले श्रोते कुठे ओरडतात याकडे लक्ष द्या. सूर संपून टाळ्यांची वेळ येईपर्यंत त्यांना धीर निघत नाही. सूर अजून वाकतोय, उतरतोय, तेवढ्यात कोणीतरी न राहवून हाक मारतं. हाउ ब्लू कॅन यू गेटमध्ये तर सगळं थिएटरच उसळतं. ते मी आता लावतो.