काउंटने जाळलेले कागद

मित्रहो, व्हॅम्पायर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंच कॉलरचा काळा झगा, चापून मागे वळवलेले केस आणि गोरापान, देखणा चेहरा उभा राहतो. हे चित्र रंगभूमीने आणि पुढे 1931 च्या अमेरिकी चित्रपटाने घडवले आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 मधील 'ड्रॅक्युला' या कादंबरीतला काउंट याहून फार वेगळा आहे. तो उंच, म्हातारा माणूस आहे. त्याच्या लांब मिशा पांढऱ्या आहेत, दाट भुवया नाकावर एकमेकींना भिडल्या आहेत, तळहातांच्या मधोमध केस आहेत आणि तो जवळ वाकला की त्याच्या श्वासाने पाहुण्याला मळमळते. तो दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावरही दिसतो. ऊन लागताच व्हॅम्पायर विरून जातो ही कल्पना 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने रूढ केली. स्टोकर यांना मरून तेव्हा दहा वर्षे झाली होती.

हे फरक मी कोणाची चूक काढण्यासाठी सांगत नाही. जुन्या पात्रांची पुनर्कल्पना प्रत्येक पिढीने केली आहे आणि करावीच. माझा आग्रह इतकाच आहे की ती झग्यापासून सुरू न करता मूळ पानांपासून सुरू करावी, कारण त्या पानांवर ही पात्रे आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ खोल आहेत. आणि मूळ पानांकडे जायचे तर एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो: इथे बोलतो कोण, लिहितो कोण, आणि गप्प कोणाला बसवले आहे?

हा प्रश्न मला इंग्रजी कादंबरीने सुचवला नाही, आपल्या वेताळाने सुचवला. रिचर्ड बर्टन 1842 मध्ये कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून मुंबईला आला, पुढे गोव्यातही राहिला, आणि 1870 मध्ये त्याने वेताळाच्या गोष्टी आपल्या पद्धतीने इंग्रजीत आणल्या. शीर्षकात त्याने वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' म्हटले. स्टोकर बर्टनला प्रत्यक्ष भेटले होते, आणि बोलताना त्याचा वरचा ओठ उचलला जाऊन सुळा खंजिरासारखा चमकला, अशी नोंद त्यांनी आपल्या आठवणींत केली आहे. बर्टनचे भाषांतर मात्र मला पटत नाही. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो, पण तो राजाच्या मानेला तोंड लावत नाही. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार आहे, त्याला देऊळ आहे, मान आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या गोष्टीत खांद्यावरचे प्रेत बोलते आणि राजाने मौन पाळायचे असते. राजाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर. इंग्रजी व्हॅम्पायरकथेत हे नेमके उलटे होत गेले आहे. तिथे जिवंत माणसे अखंड बोलतात, लिहितात, नोंदी ठेवतात, आणि कथा ज्याच्या नावाची आहे त्याच्या हाती लेखणीच येत नाही.

हे एका दिवसात झाले नाही. इंग्रज कवी बायरन याचा तरुण वैद्य जॉन पोलिडोरी याची व्हॅम्पायरकथा 1819 मध्ये छापली गेली, तीही बायरनच्या नावावर. तिच्यातला लॉर्ड रुथवेन मरताना आपल्या सोबत्याकडून, ऑब्रीकडून, वर्ष आणि एक दिवस काहीही न सांगण्याची शपथ घेतो. पुढे तोच रुथवेन लंडनमध्ये हिंडताना दिसतो, ऑब्रीच्या बहिणीशी त्याचे लग्न ठरते, आणि शपथेने बांधलेला ऑब्री वेड लागल्यासारखा होतो, पण वेळेवर बोलू शकत नाही. सुळ्यांपेक्षा ती शपथ मला अधिक भयंकर वाटते.

त्यानंतर 1871-72 मध्ये आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' आली. ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतातल्या एका एकाकी वाड्यात लॉरा नावाची मुलगी वडिलांबरोबर राहते. अपघाताच्या निमित्ताने एक अनोळखी मुलगी पाहुणी म्हणून येते, आणि दोघींमध्ये जे निर्माण होते त्याला मैत्री म्हणावे, प्रेम म्हणावे की शिकार म्हणावे, हे लॉरालाच अखेरपर्यंत ठरवता येत नाही. कार्मिला आपल्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तिला नावही मनासारखे घेता येत नाही. मूळच्या 'मिर्काला' या नावातली अक्षरे फिरवूनच तिला नवे नाव घ्यावे लागते, म्हणून ती कुठे कार्मिला असते, कुठे मिलार्का. दीडशे वर्षे जगूनही जिला त्याच मोजक्या अक्षरांबाहेर पडता येत नाही, अशा पात्राकडे केवळ खलनायिका म्हणून पाहणे मला जमत नाही. शिकारी तिला थडग्यात गाठून संपवतात, पण कथा तिथे थांबत नाही. वर्षे लोटल्यावर लॉरा लिहिते की दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची हलकी पावले वाजल्याचा भास मला आजही होतो. लॉराच्या लेखणीत भीती आहे तितकीच ओढही आहे, आणि कार्मिलाचे जे काही उरले आहे ते त्या ओढीतच उरले आहे.

आता 'ड्रॅक्युला'कडे येतो, कारण माझा बराचसा जीव तिथे गुंतला आहे. ही कादंबरी म्हणजे कागदांचा गठ्ठा आहे: रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही, डॉक्टर स्यूअर्ड यांनी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेली दैनंदिनी. यातला एकही मोठा कागद काउंटचा नाही. पहिल्या चार प्रकरणांत आपण त्याला भरपूर पाहतो, पण तेही तरुण वकील जोनाथन हार्कर याच्या डोळ्यांनी, आणि पुढची तेवीस प्रकरणे तो बहुतांशी सावलीसारखा वावरतो.

त्या चार प्रकरणांत काही बारीक जागा आहेत. काउंटच्या गडावर नोकर दिसत नाहीत, आणि एके दिवशी जोनाथन गुपचूप पाहतो की काउंट स्वतः अंथरूण घालतो आहे, स्वतः जेवणाचे टेबल मांडतो आहे. ज्याच्या तोंडी पूर्वजांच्या लढायांची लांबलचक वर्णने आहेत, तो उमराव पाहुण्याच्या नजरेआड घरकाम उरकतो. त्याच्या ग्रंथालयात इंग्लंडविषयीची पुस्तके आहेत, रेल्वेचे वेळापत्रकसुद्धा आहे. आपले इंग्रजी उच्चार सुधारून घ्यावेत अशी विनंती तो जोनाथनला करतो, कारण परक्या देशात परका माणूस कोणाच्याच खिजगणतीत नसतो, आणि लंडनमध्ये आपण तोंड उघडताच लोकांनी आपल्याला परका म्हणून ओळखू नये, अशी त्याची इच्छा आहे. परदेशात राहून आलेल्या कोणाही मराठी माणसाला ही धडपड ओळखीची वाटेल. स्टोकर यांनी काउंटबद्दल सहानुभूती मागितलेली नाही, आणि या धडपडीमागे शिकारीचा बेत आहे हेही खरेच. पण तपशील त्यांनी प्रामाणिकपणे मांडून ठेवले आहेत, आणि पुनर्कल्पना करणाऱ्याला लागणारे बी तिथेच पडले आहे.

याच भागात एक प्रसंग आहे, ज्यावर माझे सारे म्हणणे उभे आहे. कैदेत पडलेला जोनाथन आपल्या वाग्दत्त वधूला, मीनाला, लघुलिपीत पत्र लिहितो आणि चोरून बाहेर पाठवू पाहतो. पत्र काउंटच्याच हाती पडते. त्याला अनेक भाषा येतात, पण ही चिन्हे त्याला वाचता येत नाहीत. त्याचा चेहरा काळवंडतो, हा मैत्रीचा आणि पाहुणचाराचा अपमान आहे असे म्हणून तो ते पत्र जोनाथनसमोर दिव्यावर धरतो आणि जाळतो. पुढे इंग्लंडमध्ये हेच पुन्हा घडते. मीनाने सगळ्यांचे कागद एकत्र करून टाइपरायटरवर उतरवले आहेत. काउंट डॉक्टरांच्या अभ्यासिकेत शिरतो, हस्तलिखिते आगीत टाकतो आणि फोनोग्राफची नळकांडीही त्याच आगीत फेकतो. ज्या पुस्तकाला त्याचे नाव आहे, त्या पुस्तकाला त्याने दिलेले हे उत्तर आहे. पण मीनाने एकाहून अधिक प्रती काढल्या होत्या आणि दुसरी प्रत तिजोरीत सुरक्षित होती.

म्हणून या कादंबरीतला खरा सामना मला मीना आणि काउंट यांच्यात दिसतो. मीना शाळेत साहाय्यक शिक्षिका होती. लघुलिपी आणि टंकलेखन तिने जोनाथनच्या कामात मदत व्हावी म्हणून शिकून घेतले. डॉक्टर स्यूअर्ड महिनोन्महिने फोनोग्राफवर बोलत राहिले, पण त्यातला हवा तो भाग शोधायचा कसा, हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते. ते सारे ऐकून कागदावर उतरवायचे काम मीना करते. तारखा जुळवल्यावरच जोनाथन, स्यूअर्ड आणि त्यांच्या सोबतच्या पुरुषांना कळते की आपण सगळे एकाच शत्रूशी झगडत आहोत. आणि हे काम हाती पडताच ते ठरवतात की बाईमाणसाच्या काळजाला हे सोसायचे नाही, यापुढे मीनाला काही सांगायचे नाही.

यानंतरची पाने मी अनेकदा वाचली आहेत आणि दर वेळी मला त्या पुरुषांवर ओरडावेसे वाटते. ते रात्री काउंटच्या मातीने भरलेल्या पेट्या शोधत हिंडतात आणि मीना घरी एकटी निजते. सकाळी जोनाथन लिहितो की ती फिकट दिसते, तिला गाढ झोप लागली होती, तिला या साऱ्यातून बाहेर ठेवले हे बरेच झाले. वाचकाला कळते, नवऱ्याला कळत नाही. हे सारे डॉक्टर स्यूअर्ड यांच्या वेड्यांच्या इस्पितळात उतरले आहेत, आणि ओळखतो तो तिथला रुग्ण रेनफिल्ड, जो माश्या कोळ्यांना आणि कोळी चिमण्यांना खाऊ घालत जिवांचा हिशेब ठेवायचा. मीना भेटायला आली तेव्हा ती त्याला किटलीत पाणी घालून वाढवलेल्या चहासारखी वाटली, असे तो सांगतो. ही उपमा साधी आहे, घरगुती आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा आणते. तिच्यासाठी तो काउंटशी झुंजतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. चित्रपटांनी रेनफिल्डला खिदळणारा नोकर करून ठेवले. मूळ रेनफिल्ड त्या घरातला सर्वांत सावध निरीक्षक आहे.

मीनाची मैत्रीण लूसी हिच्याबद्दल एकच सांगतो. ज्या रात्री लांडगा खिडकीची काच फोडतो, त्या रात्री ती आपल्यामुळे कोणावर बालंट येऊ नये म्हणून घडलेले सारे एका कागदावर लिहून उराशी ठेवते. मृत्यूनंतर ती व्हॅम्पायर होते, आणि तेव्हापासून तिचा एकही कागद गठ्ठ्यात येत नाही. रक्त गेले त्याबरोबर लेखणीही गेली.

मीनाच्या बाबतीत तसे होत नाही. काउंट तिला जबरदस्तीने आपले रक्त पाजतो, तिच्या कपाळावर ख्रिस्ती प्रसादाच्या स्पर्शाने भाजल्याचा डाग उठतो, ती अर्धी त्याची झालेली असते, तरी ती लिहीत राहते. काउंट कोणत्या नदीने परतणार याचा तर्कशुद्ध आराखडा तीच मांडते. आणि ज्याने तिचा घात केला, त्याच्याबद्दल ती पुरुषांना बजावते की हा सारा अनर्थ करणारा तो बिचारा जीव सर्वांत दुःखी आहे, त्याच्यावरही दया ठेवा. शेवटी कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि दुसरा सुरा काळजात घुसतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलेली शांती टिपते तीही मीनाच. शिकाऱ्यांच्या रोजनिश्यांत त्याच्या वाट्याला अशी ओळ क्वचितच आली आहे.

पुढच्या काळात लेखकांनी व्हॅम्पायरच्या तोंडी भाषा दिली. अ‍ॅन राइस यांच्या 1976 च्या कादंबरीत तर तो टेपरेकॉर्डरसमोर बसून रात्रभर स्वतःची कहाणी सांगतो. ही वाट मला मोलाची वाटते, पण ती एकच वाट नाही. त्याला सगळे बोलू दिले की तो आपल्यासारखाच एक दुःखी माणूस होऊन बसण्याचा धोका असतो. दुसरी वाट अशी की त्याचे मौन तसेच ठेवावे आणि ते ऐकणाऱ्या व्यक्तीला अधिक खोलवर लिहावे. मराठीत कोणी तरुण लेखक या पात्रांकडे वळणार असेल, तर वेताळाची गोष्ट अंगात मुरलेली असल्याने ही दुसरी वाट त्याला सापडेल, असे मला मनापासून वाटते. खांद्यावरचे ओझे काय सांगते आहे ते मौन राखून ऐकायचे, हे आपण लहानपणीच शिकलो आहोत.

कुठून सुरुवात करावी असे मला विचाराल, तर मी एक पान दाखवीन. काउंटने मीनाला धरले त्या रात्री तो तिच्याशी जे बोलला, ती त्याची इंग्लंडमधली सर्वांत लांब बोलणी आहेत. तू आता माझ्या रक्ताची, माझ्या मांसाची झालीस, असे तो तिला सांगतो. हे शब्द तिने पुरुषांना सांगितले आणि डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. शेवटी जोनाथन लिहितो की मूळ कागद जवळजवळ उरलाच नाही, शेवटच्या काही वह्या-टिपणे सोडली तर जे आहे ते टंकलिखित आहे. म्हणजे ते पानही केव्हातरी टाइपरायटरवर चढले असणार, आणि त्या कादंबरीत टाइपरायटरपुढे बसलेली आपल्याला एकटी मीनाच दिसते.