अटी कुठे लिहिल्या जातात? जागतिक बँकेची कर्जं, नाशिकचं पाणी आणि विरोधाची कागदपत्रं

(दृश्य: गंगापूर धरणाचे दरवाजे. खाली गोदापात्रात चढत जाणारं पाणी.)

15 ऑक्टोबर. पैठणच्या जायकवाडी धरणात किती पाणी आहे, याकडे या तारखेला नाशिकचं लक्ष असतं. साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं, असा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 19 सप्टेंबर 2014 चा आदेश आहे. पाणी सोडायची वेळ आली की आंदोलनं होतात, कोर्टात अर्ज पडतात. आदेश देणारं हे प्राधिकरण मात्र 2005 च्या एका कायद्यानं जन्माला आलं, आणि त्याच वर्षी राज्याच्या जलक्षेत्र सुधारणेसाठी जागतिक बँकेनं 32.5 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ही गोष्ट आंदोलनाच्या भाषणांत क्वचितच येते.

(दृश्य: कालवा, चारी, पाटकऱ्याची वही.)

कायदा बँकेनं लिहून दिला, असं म्हणणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. पाणीपट्टीतून व्यवस्थापन आणि देखभाल-दुरुस्तीचा सगळा खर्च वसूल व्हावा, दर स्वतंत्र नियामकानं ठरवावा आणि दर 3 वर्षांनी तपासावा, ही बँकेनं जगभर पुढे केलेली रचना या कायद्यात आहे. त्याच कायद्यात, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या शेतकऱ्याला दीडपट दर लावणारं कलमही आहे. ते बँकेच्या मुख्यालयातून, वॉशिंग्टनहून आलं नव्हतं, आपल्याच राज्यकर्त्यांची ती करामत. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगांना दिला गेला होता. आरडाओरड झाली आणि 2011 मध्ये शेती पुन्हा दुसऱ्या क्रमावर आली.

आणि तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी टंचाई वाटून घ्यावी, हे कलम 12(6)(ग)? ते तर समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीचं मागणं. आज जायकवाडीचा वाद त्याच कलमावर उभा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात ओझरच्या शेतकऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलं आणि आपापसांत वाटलं. 2005 मध्ये पाणीवापर संस्थांचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा ‘सुधारणा’ म्हणून जे मांडलं गेलं त्यातलं बरंच ओझरला आधीच चालू होतं.

विरोध करायचा तर कुठली ओळ कुणाची, हे आधी वेगळं करावं लागतं.

(दृश्य: कर्जकराराची पानं, बोट फिरताना.)

अट नेमकी कुठे असते? कर्जकरारात ‘दर वाढवा’ असं वाक्य शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. पाहायच्या जागा तीन. पहिली, कर्ज लागू होण्याच्या अटी: अमुक संस्था स्थापन झाल्याशिवाय पैसा सुटत नाही. दुसरी, कर्ज मंजूर करण्याआधी बँक जो मूल्यांकन अहवाल करते, त्यातला निष्पत्तींचा, म्हणजे प्रकल्पातून काय साधायचं याचा तक्ता. काही कर्जांत हप्ता थेट त्यातल्या आकड्यांशी बांधलेला असतो. तिसरी जागा सगळ्यात फसवी. धोरणासाठीच्या कर्जांत ‘पूर्वकृती’ नावाचं परिशिष्ट असतं. कायदा किंवा शासन निर्णय सरकार आधीच काढतं आणि मग कर्ज बँकेच्या संचालक मंडळापुढे जातं. कागदावर अट उरतच नाही, सरकारनं स्वतःहून केलेलं काम म्हणून ते दाखवलं जातं. अशा कर्जाच्या विरोधात मंजुरीनंतर उठलेला आवाज उशिराचा असतो.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचंही असंच. 1991 च्या उन्हाळ्यात भारताकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन होतं. सुमारे 47 टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण गेलं, 1 आणि 3 जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, 24 जुलैला अर्थसंकल्प आला. नाणेनिधीचं कर्ज आणि हे निर्णय एकाच पटावरचे होते.

नाशिकमध्ये या सगळ्याला एकमुखी विरोध कधीच नव्हता. 1980 च्या कांदा आंदोलनात ज्या शेतकरी संघटनेनं इथला महामार्ग अडवला, तिचे नेते शरद जोशी पुढे जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले. बाजार खुला हवा, निर्यातबंदी नको, ही मागणी कांदापट्ट्यात आजही ऐकू येते. तोच शेतकरी पाणीपट्टीच्या नव्या दराला मात्र कडाडून विरोध करतो, आणि त्याच्या हिशेबात या दोन गोष्टींत विसंगती नाही.

(दृश्य: नाशिकरोड, विभागीय आयुक्तालयाची इमारत. मग नर्मदेचा काठ.)

नंदुरबार जिल्हा याच नाशिक महसूल विभागात येतो. त्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्यात जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. राज्यातल्या अशा गावांची संख्या 33.

1985 मध्ये बँकेनं या प्रकल्पाला 45 कोटी डॉलर मंजूर केले. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या दबावाखाली 1991 मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. बँकेनं आपल्याच प्रकल्पाची अशी चौकशी त्याआधी करवली नव्हती. जून 1992 च्या अहवालात समितीनं सांगितलं, की आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेनं मागे यावं. बँक लगेच हटली नाही. तिनं भारताला अटी पूर्ण करायला 31 मार्च 1993 पर्यंत मुदत दिली. मुदत संपायच्या तोंडावर भारत सरकारनंच उरलेले सुमारे 17 कोटी डॉलर नाकारले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं, बँकेनं आपलेच नियम मोडल्याची बाधितांची तक्रार ऐकणारं. 1994 मध्ये मणिबेलीच्या नावानं जाहीरनामा निघाला. मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देणं थांबवावं, या त्यातल्या मागणीवर 44 देशांतल्या 326 संघटनांच्या सह्या होत्या.

धरण मात्र बांधलं गेलंच, देशातूनच पैसा उभा करून. 17 सप्टेंबर 2017 ला 138.68 मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. बँक गेली तेव्हा तिची पुनर्वसनाची धोरणंही गेली आणि ती मोडल्याची तक्रार ऐकणारं दारही. ‘जागतिक बँक चले जाव’ ही घोषणा देण्याआधी ठरवावं लागतं, की बँकेला घालवायचं आहे की तिच्याच नियमांत पकडायचं आहे. दोन्ही एकदम साधत नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा, माहिती अधिकाराचा अर्ज.)

पकडायचं असेल तर सुरुवात प्रकल्प क्रमांकापासून. जागतिक बँकेच्या प्रत्येक प्रकल्पाला पी हे इंग्रजी अक्षर आणि सहा आकडे असा क्रमांक असतो. त्यावरून बँकेच्या संकेतस्थळावर कर्जकरार, मूल्यांकन अहवाल, पर्यावरण व सामाजिक बांधिलकी आराखडा आणि प्रगती अहवाल मिळतात. 1 ऑक्टोबर 2018 पासून गुंतवणूक प्रकल्पांना 10 मानकं लागू आहेत. पाचवं भूसंपादन आणि पुनर्वसनाचं, सातवं आदिवासी समूहांचं, दहावं लोकांना माहिती देण्याचं. पूर्वकृतीवाल्या धोरण-कर्जांना ही मानकं लागत नाहीत.

जे संकेतस्थळावर नाही, त्यासाठी माहितीचा अधिकार. इथे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात. कर्ज घेतं केंद्र सरकार, त्यामुळे वाटाघाटींचे कागद दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे. निविदा, बैठकांची इतिवृत्तं, पुनर्वसनाच्या याद्या राज्याच्या प्रकल्प कक्षाकडे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून दोन विषयांचे दोन अर्ज करा. ‘परदेशी सरकारकडून विश्वासानं मिळालेली माहिती’ म्हणून नकार आला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात लिहा, की जागतिक बँक हे परदेशी सरकार नाही.

2005 मध्ये दिल्लीत हेच हत्यार चाललं. पाणीपुरवठ्याच्या प्रस्तावित कर्जात एका सल्लागार कंपनीला काम मिळावं म्हणून बँकेनं पुन्हापुन्हा हस्तक्षेप केल्याचं माहिती अधिकारात मिळालेल्या पत्रव्यवहारातून दिसलं. प्रकल्प मागे घेतला गेला. कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं, हे त्या यशाचं मोठं कारण.

(दृश्य: टपाल, पाकिटं. नकाशावर वॉशिंग्टन, मनिला, बीजिंग.)

तक्रार कुठे करायची हे कोणाचं कर्ज आहे त्यावर. सरकारला दिलेलं जागतिक बँकेचं कर्ज असेल तर तपासणी मंडळ. बँकेच्याच गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानं खासगी कंपनीला पैसा दिला असेल तर लोकपालाचं वेगळं कार्यालय. आशियाई विकास बँक आणि बीजिंगची आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक यांच्या यंत्रणा स्वतंत्र आहेत. नाणेनिधीकडे बाधितांची तक्रार घेणारं असं दारच नाही. चुकीच्या दारावर गेलेलं पत्र बहुधा परत येतं आणि महिने वाया जातात.

न्यायालयाचा रस्ताही पाहून झाला आहे. गुजरातमधल्या मुंद्रा औष्णिक प्रकल्पाच्या बाधित मच्छीमारांनी वित्त महामंडळाला अमेरिकेत कोर्टात खेचलं. अशा संस्थांना खटल्यापासून संपूर्ण अभय नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 27 फेब्रुवारी 2019 ला दिला. तरीही खालच्या न्यायालयांनी दावा पुढे चालवला नाही आणि 2022 मध्ये तो संपला.

तपासणी मंडळाकडे जायला वकील लागत नाही, तक्रार मराठीत चालते. तक्रारदार प्रकल्पक्षेत्रातले किमान दोन हवेत. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं लिहायचं. नुकसान काय, बँकेचा कोणता नियम मोडला आणि नुकसान त्यातून कसं झालं, हे तीन मुद्दे जोडलेले असावेत. ठेका कुणाला दिला यावरची तक्रार मंडळ घेत नाही. पूर्वी कर्जाची 95 टक्के रक्कम वाटून झाली की दार बंद व्हायचं. 2020 च्या सुधारणेनंतर मंजूर झालेल्या प्रकल्पांना कर्ज बंद झाल्यावर 15 महिने मिळतात. नोंदणीनंतर बँकेच्या व्यवस्थापनाला 21 कामकाजाचे दिवस उत्तरासाठी असतात. मंडळ काम थांबवत नाही, भरपाईही देत नाही. बँकेनं स्वतःचे नियम पाळले का, एवढंच ते तपासतं.

सगळ्यात जास्त अडतं ते एका साध्या कागदावर. आधी बँकेला कळवलं होतं आणि समाधान झालं नाही, हे दाखवावं लागतं. नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा पोच शिक्का त्यासाठी पुरत नाही. बँकेच्या दिल्ली कार्यालयाला प्रकल्प क्रमांक घालून पाठवलेला ईमेल किंवा रजिस्टर पत्राची पावती जपून ठेवावी, आणि उत्तर आलं नाही तर आठवणीच्या पत्राचीही.