व्यंकटपुऱ्यातले बिऱ्हाड

अजिंक्यताऱ्यावर १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे याच गडाच्या पायथ्याशी त्यांनी सातारा शहर वसवले. शहराच्या पश्चिमेकडील व्यंकटपुरा पेठेत, मुंबईहून आलेल्या एका जोडप्याने दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले आहे. तो घरूनच कार्यालयाचे काम करतो, तर ती एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. चांगली हवा आणि चालत जाता येईल असा डोंगर, एवढ्याच अपेक्षेने दोघे इथे आले.

डोंगर मात्र त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत आधीच पोहोचलेला होता. नळाला येते ते कासचे पाणी, असे शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात अभिमानाने सांगितले. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यालगत असलेल्या कास तलावाचे पाणी ब्रिटिश काळात पाट काढून साताऱ्यात आणले गेले. तलाव शहरापेक्षा बराच उंचावर असल्याने हे पाणी केवळ उताराच्या बळावर खाली येते. अलीकडे तलावाच्या बांधाची उंची वाढवण्यात आली, कारण शहर वाढले आहे, आणि या वाढीत हे दोघेही आले.

पावसाचा हिशेबही त्यांना नव्याने मांडावा लागला. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. सातारा या दोहोंच्या मध्ये आहे. त्यामुळे जुलैत व्यंकटपुऱ्यातील दोरीवरचे कपडे दिवसभर रिमझिमीत दमट राहतात, तेव्हा माणचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. ही विषमता इतक्या कमी अंतरात पाहिल्यावर पाण्याची उधळपट्टी करायला हात धजत नाही, असे ती सांगते आणि ते खरे आहे.

सप्टेंबरमध्ये दोघे यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावर जातात, पण सुटीच्या दिवशी नाही. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. इथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. दुरून दिसतो तो तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा पसारा. ती मात्र गुडघे टेकून बसते आणि ओल्या कातळावरची सीतेची आसवे दाखवते. नखाएवढ्या या जांभळ्या फुलाच्या मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे असतात. त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात आणि जांभ्या दगडावरच्या निकस मातीत न मिळणारे पोषण वनस्पतीला त्यांतून मिळते. जवळच्याच डबक्यात वायतुरा उगवलेला दिसतो. अपोनोजेटॉन सातारेन्सिस या शास्त्रीय नावाची ही वनस्पती उन्हाळ्यात मातीखालच्या कंदाच्या रूपाने तग धरते.

ही माती काही ठिकाणी बोटाच्या पेरापेक्षा जाड नाही. फोटोसाठी वाट सोडून आत टाकलेले एक पाऊल त्या थराला चेपते. पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवण्याची व्यवस्था त्यासाठीच आहे, आणि ती आणखी कडक झाली तरी कोणी कुरकुर करू नये. कास रस्त्यालगत वाढणाऱ्या बांधकामांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथले सांडपाणी आणि कचरा उताराला लागतात, आणि त्याच उताराने साताऱ्याचे पिण्याचे पाणी येते.

डोंगराकाठी राहण्याची ओढ असलेल्या माणसांमुळेच डोंगरावरचा भार वाढतो, ही अडचण दोघे टाळत नाहीत. घाटात जागा घेण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडेही आला होता. त्यांनी पेठेतलेच घर कायम ठेवले. यंदा दोघांनी मतदार यादीत आपली नावे साताऱ्यात नोंदवली आहेत, आणि प्रचाराला दारात येणाऱ्या उमेदवाराला कास रस्त्यावरील बांधकामांबद्दल काय विचारायचे, ते लिहूनही ठेवले आहे.