नवरात्रातली झोप

श्रोतेहो, नमस्कार.

पितृपक्ष सुरू आहे आणि बडोद्यातल्या मैदानांवर गरब्यासाठी बांबू उभे राहू लागले आहेत. घरात घटस्थापनेची तयारी आणि बाहेर गरब्याच्या पासांची चौकशी, ही दोन्ही नवरात्रे दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या आपलीच वाटत आली आहेत. याच दिवसांत मला दर वर्षी झोपेची काळजी लागते, माझ्या नव्हे, धाकट्या भावाच्या झोपेची. त्याला २००१ सालापासून बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार आहे; यात मन कधी उन्मादाच्या, म्हणजे अनावर उत्साहाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला जाते. मी डॉक्टर नाही, त्याची मोठी बहीण आहे, आणि आज जे सांगणार आहे ते त्याने आधी वाचून त्याला संमती दिलेली आहे.

त्या वर्षी तो २१ वर्षांचा होता. नऊही रात्री गरबा खेळून तो दोन वाजता घरी यायचा, चार वाजता उठून धंद्याच्या योजनांनी वह्या भरायचा, आणि दिवसभर थकव्याचे नाव नसायचे. त्याआधीचा सारा उन्हाळा त्याने दार लावून, न जेवता, न बोलता काढलेला असल्यामुळे आईला वाटले की पोर अखेर माणसांत आले, आणि आम्ही सर्वांनी त्याच्या उत्साहाचे मनापासून कौतुक केले. दसऱ्याला त्याने कोणालाही न विचारता आईच्या बांगड्या गहाण ठेवल्या आणि जाब विचारणाऱ्या वडिलांच्या अंगावर तो धावून गेला. दिवाळीत तो अंथरुणातून उठेना. उन्हाळ्यातल्या उदासीवर आम्ही औषध आणले होते, पण त्याच्या भरात आलेल्या दिवसांविषयी डॉक्टरांना कधी सांगितलेच नव्हते, कारण आनंद हेही लक्षण असू शकते हे आमच्या मनात आले नव्हते. या आजारात नैराश्याची गोळी एकटीच दिली तर ती काही रुग्णांना उन्मादाकडे ढकलू शकते. म्हणून उदास माणसाला डॉक्टरांकडे नेताना त्याच्या उत्साहाच्या दिवसांची हकीकतही जरूर सांगावी.

उन्मादातले जागरण आणि साधा निद्रानाश यांत मोठा फरक आहे. निद्रानाशात माणसाला झोप हवी असते आणि ती येत नाही, उलट उन्मादात दोन-तीन तास झोपूनही त्याला झोपेची गरजच वाटत नाही. मग बोलणे भरधाव होते, विचार एकमेकांना ढकलत येतात, खर्चाचा आणि धोक्याचा हिशेब सुटतो, आणि कधी आपण कोणी विशेष आहोत अशी ठाम समजूत होते. हे आठवडाभर किंवा अधिक टिकले, अथवा रुग्णालयात दाखल करावे लागले, तर डॉक्टर त्याला उन्माद म्हणतात. त्याच्या सौम्य रूपासाठी सलग चार दिवस धरले जातात. नैराश्याची किमान मुदत दोन आठवडे, आणि एकूण हिशेब केला तर रुग्णाच्या आयुष्यातले नैराश्याचे दिवस उन्मादाच्या दिवसांपेक्षा कितीतरी अधिक भरतात. शेजाऱ्यांना आरडाओरडा दिसतो, बंद दारामागचे महिने दिसत नाहीत.

झोप कमी होणे हे जसे लक्षण, तसे ते कारणही ठरते, कारण सलग जागरणाने उन्माद सुरू होऊ शकतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या एलन फ्रँक यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रोजच्या ठरलेल्या वेळांना म्हणूनच मोठे स्थान आहे: उठण्याची, पहिल्या माणसाशी बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि निजण्याची वेळ. आमच्या घरी ही पद्धत कळण्यापूर्वीच भाऊ सकाळी सहाला कमाटी बागेत फिरायला जाऊ लागला होता आणि रात्री दहाला दिवा मालवत होता. मंगळागौर असो, कोजागरी असो वा गरबा असो, आपल्या सणांत जागणे हेच पुण्य मानलेले असल्यामुळे हा साधा नियम पाळणे किती कठीण जाते, हे नातेवाइकांना समजावताना माझी निम्मी उमर गेली.

उपवासाविषयी मात्र मला जरा सविस्तर बोलायचे आहे. भाऊ लिथियम घेतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजही या आजारात आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणून त्याला मान आहे. लिथियम हा एक क्षार आहे. शरीरातले मीठ किंवा पाणी कमी झाले की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातले प्रमाण चढते. ते साधारणपणे ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर इतके ठेवतात, आणि १.५ च्या वर गेल्यास हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे अशी विषबाधेची चिन्हे दिसू लागतात. आषाढात आपल्या शेजारच्या मुली जया-पार्वतीचे व्रत करतात, त्यात पाच दिवस अळणी खायचे आणि शेवटच्या रात्री जागरण करायचे. लिथियम घेणाऱ्या मुलीसाठी त्यात दोन्ही धोके एकत्र येतात. निर्जळी उपवास, गरब्यात निथळणारा घाम, मे महिन्यातले ऊन आणि अंगदुखीवर सहज घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी यांनीही हे प्रमाण वाढू शकते. म्हणून उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा, रक्ताची तपासणी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी करावी, आणि थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणी टाळू नये.

औषधांपेक्षा मला अवघड गेली ती दुसरी गोष्ट. कित्येक वर्षे आम्ही भावाच्या हसण्यावर पाळत ठेवली. त्याने नवा सदरा आणला तरी आई माझ्याकडे बघायची, मोठ्याने गाणे म्हटले तर वडील गोळ्यांचे पाकीट मोजायचे. एकदा तो मला म्हणाला, “ताई, मला नुसते खूश होण्याचीसुद्धा परवानगी नाही का?” मला त्याचे उत्तर देता आले नाही. त्यानंतर, तो पूर्ण बरा असताना, आम्ही दोघांनी एक कागद लिहिला. सलग दोन रात्री झोप पाच तासांहून कमी झाली तर तो स्वतः बँकेचे कार्ड माझ्याकडे देईल आणि मी डॉक्टरांना फोन करीन. झोप ठीक असेल, तर त्याच्या आनंदाविषयी घरात कोणीही शंका काढणार नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आजारात निर्णय घेता येईनासे झाले तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आधीच लेखी नोंदवण्याचा हक्क दिला, तेव्हा त्याने तशी रीतसर नोंदही केली.

गुजरातसह १२ राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे सुमारे २०० प्रौढांमागे एकाला हा आजार आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि अशा रुग्णांपैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. आपल्या घरी असे कोणी असेल, किंवा कोणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर येत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा अहोरात्र आणि विनामूल्य मिळते.

यंदा भावाने अष्टमीची रात्र निवडली आहे. दुपारी तो तासभर झोपेल, पाण्याची बाटली माझ्या पिशवीत असेल, आणि साडेदहा वाजता, गरबा भरात असतानाच, आम्ही दोघे घरी परतू. नमस्कार.