अख्खं मशीन आपलं: डेडिकेटेड सर्व्हरची गोष्ट

[दृश्य: रात्र. नदीकाठची पाचमजली इमारत, खिडक्यांतून ज्वाळा.]

१० मार्च २०२१. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्ट्रासबुर्गमध्ये, राइन नदीकाठी, संकेतस्थळांसाठी संगणक भाड्याने देणाऱ्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. इमारतीचं नाव एसबीजी-२. शंभराहून अधिक जवान धावले, नदीतून अग्निशमन बोट आणली गेली. पण इमारतीची वीज तोडायलाच जवळपास तीन तास गेले. उजाडेपर्यंत एसबीजी-२ भस्मसात झाली होती आणि शेजारच्या इमारतीतल्या १२ पैकी ४ खोल्याही गेल्या होत्या. माणसं मात्र सगळी सुखरूप राहिली.

इंटरनेटची मोजदाद ठेवणाऱ्या नेटक्राफ्टच्या हिशेबाने त्या रात्री ३६ लाख संकेतस्थळं बंद पडली. त्यात पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचं संकेतस्थळ होतं, फ्रेंच सरकारचं खुल्या माहितीचं पोर्टल होतं. ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाचे युरोपातले २५ सर्व्हर, म्हणजे तो खेळ चालवणारे संगणक, जळाले. खेळाडूंनी त्यांवर उभारलेलं काहीच परत आणता आलं नाही.

[दृश्य: सर्व्हरच्या रांगा, लुकलुकणारे दिवे, पंख्यांचा घोंघावता आवाज.]

संकेतस्थळ म्हणजे शेवटी कुठल्यातरी खोलीतलं एक मशीन. १९ इंची रॅकमध्ये आडवं सरकवलेलं, बहुतेकदा जेमतेम पावणेदोन इंच उंचीचं. बहुतेक छोटी संकेतस्थळं अशा एका मशीनवर शेकड्यांनी एकत्र राहतात. स्वस्त पडतं, पण शेजारच्या दुकानाचा सेल सुरू झाला की आपलं पान उघडायला वेळ लागतो. व्हीपीएसमध्ये (आभासी खासगी सर्व्हर) त्याच मशीनचे आभासी वाटे पाडलेले असतात. वाटा ठरलेला, मशीन तरीही सामाईक.

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे अख्खं मशीन एकाच ग्राहकाला भाड्याने. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळं त्याचं. वेबची सुरुवातही अशाच एका मशीनवर झाली. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला वेब सर्व्हर चालवला, तो नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर. कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर लाल शाईत लिहून चिकटवलं होतं: हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका.

आज ते बटण आपल्या हाताशी नसतं. मशीन शेकडो, हजारो किलोमीटर दूर असतं. भाडं भरलं की आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता, आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मिळतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. अनमॅनेज्ड, म्हणजे देखभाल आपणच करायची असा, सर्व्हर घेतला असेल तर जळलेली डिस्क किंवा बिघडलेला पॉवर सप्लाय बदलून देणं कंपनीकडे. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, फायरवॉल, डेटाबेस, बॅकअप आपल्याकडे. नव्या सर्व्हरचं एसएसएच पोर्ट, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची वाट, उघडं राहिलं, तर पासवर्ड ओळखू पाहणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामना ते सापडायला फार वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या तासाभरातच एसएसएच की, म्हणजे आपल्या संगणकावर जपलेली डिजिटल किल्ली, वापरायला लागा आणि मग पासवर्डने लॉगिन बंद करा.

आता रेडविषयी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीविषयी, कारण इथेच सर्वांत जास्त घात होतो. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क मेली तरी संकेतस्थळ चालू राहतं, आणि ही सोय घ्यायलाच हवी. पण तुम्ही चुकून डेटाबेस पुसलात, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. आणि आग लागली तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. ही गोष्ट समजेपर्यंत कुणी डेडिकेटेड सर्व्हर घेऊच नये, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: निकालाच्या दिवशी मोबाइलभोवती जमलेलं घर.]

असं मशीन प्रत्येकालाच लागतं असंही नाही. दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. एकाच वेळी लाखो घरांतून तेच पान उघडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. डेडिकेटेड मशीनची ताकद ठरलेली असते, गर्दी पाहून ती वाढत नाही. त्या एका दुपारसाठी वर्षभर मशीनं पोसण्यापेक्षा काही तासांपुरतं क्लाउड, म्हणजे लागेल तेवढीच ताकद भाड्याने घेणं, बरं. उलट रोज भरपूर वाचक असलेलं बातम्यांचं संकेतस्थळ, व्हिडिओंचा मोठा साठा, सतत चालणारा डेटाबेस, म्हणजे जिथे भार रोजचा आणि जड आहे, तिथे ठरलेल्या मासिक भाड्यात अख्खं मशीन परवडतं.

[दृश्य: ऐरोली, महापे. काचेच्या इमारती, मागे डिझेल जनरेटर.]

मशीन कुठे ठेवायचं? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद, आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. नांदेडच्या वाचकासाठी जर्मनीतलं मशीन लांब पडतं. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटरं दाटीने उभी आहेत. आपला वाचक महाराष्ट्रात असेल, तर मशीन तिथेच घ्यावं.

बॅकअप मात्र तिथे ठेवू नये. स्ट्रासबुर्गच्या आगीनंतर २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने ओव्हीएचला एका ग्राहक कंपनीला १ लाख युरोहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या कंपनीने बॅकअपचे पैसे वेगळे भरले होते, आणि बॅकअप ठेवला होता त्याच ठिकाणी. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: बॅकअप कुठल्या शहरात आहे? नवी मुंबईत मशीन असेल, तर तो चेन्नईत किंवा हैदराबादला जाऊ द्या, आणि शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे. मग वर्षातून एकदा कोरं मशीन थोड्या दिवसांसाठी भाड्याने घ्या, फक्त त्या बॅकअपवरून संकेतस्थळ पुन्हा उभं करा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा.