गाव बेळगाव, म्हणून भाषा कोणती?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘संकेतस्थळांच्या मोजमापातील नवे बदल’ असा छापला आहे आणि मी तो मान्यही केला होता. पण गेली दोन वर्षे एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो निमूटपणे ऐकून घेणारी इतकी माणसे मला पुन्हा एकत्र सापडतील याची खात्री नाही. म्हणून आधी तो सांगतो, मग बदलांकडे वळतो.

माझी मावशी खानापूर तालुक्यात राहते. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आहे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, बाजारात कन्नडमधून घासाघीस करण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही; मात्र कन्नड लिपी तिला वाचता येत नाही. आपल्या भागात अशी माणसे घरोघरी आहेत, तेव्हा हे अधिक समजावून सांगत नाही. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची होती आणि रुग्णालयाने, त्याचे नाव मी घेणार नाही, वेळ फक्त संकेतस्थळावरून मिळेल असे कळवले होते. मी शेजारी बसलो आणि ठरवून गप्प राहिलो. संकेतस्थळे करण्याच्या आमच्या धंद्यात ही चाचणीची पद्धतच आहे: वापरणाऱ्याला काम द्यायचे आणि आपण तोंड उघडायचे नाही. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे जाणकार याकोब निल्सन यांनी २००० साली लिहून ठेवले की अशी पाच माणसे बसवली तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. इथे एकच मावशी पुरली.

पान उघडले ते कन्नडमध्ये. तिने कोणतीही भाषा निवडली नव्हती. फोन बेळगाव जिल्ह्यातला आहे एवढे त्या संकेतस्थळाने ताडले आणि भाषा आपणच ठरवून टाकली. मावशीने चष्मा शोधला, लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. “सगळं कानडीच आहे की रे हे. मराठी कुठं आहे सांग बघू.” मी गप्प. तिने खाली सरकवले, पुन्हा वर आणले, डॉक्टरांच्या फोटोवर बोट ठेवले, तर त्यांच्या पदव्यांचे पान उघडले. परत आली, दुसऱ्या फोटोवर बोट ठेवले. वरच्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोलाचे एक चिमुकले चित्र होते. मावशीला ते फुटबॉल वाटले आणि चित्र पाहिल्यावर मलाही तिची चूक म्हणवेना. बऱ्याच वेळाने, चुकूनच, बोट तिथे पडले आणि भाषांची यादी खाली आली. त्या यादीत मराठी होती! फक्त ‘मराठी’ हा शब्द कन्नड लिपीत लिहिलेला होता. म्हणजे मराठी हवी असेल तर आधी कन्नड वाचायला शिकावे, अशी ती सोय. अकरा मिनिटांनी मावशीने फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा टाकायला उठली.

आता ही अकरा मिनिटे संकेतस्थळाच्या मालकाला मिळणाऱ्या भेटींच्या अहवालात कशी दिसतील ते पाहा. त्या रुग्णालयाचा अहवाल मी पाहिलेला नाही, परंतु असे अहवाल तयार करणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्सचा मोजणीचा नियम सर्वांना उपलब्ध आहे. भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, की ती ‘एंगेज्ड सेशन’, म्हणजे गुंतून राहिलेली भेट, धरली जाते. या हिशेबाने मावशी चष्मा शोधत होती तेव्हाच गुंतलेली ठरली, आणि शेवटी त्या दिवसाच्या सर्वांत रस घेणाऱ्या पाहुण्यांत तिची गणना झाली असणार. पूर्वीच्या पद्धतीत चूक उलट्या बाजूला होती. वाचनालय किती वाजता उघडते हे एका पानावर पाहून समाधानाने निघून गेलेला माणूस तिथे ‘बाउन्स’, म्हणजे आल्या पावली परतलेला, धरला जाई आणि त्याचा वेळ शून्य लागे. कारण पुढचे पान उघडल्याखेरीज मागच्या पानावर किती वेळ गेला हे त्या यंत्रणेला कळतच नसे.

माझी खरी तक्रार मात्र याच्याही पुढची आहे. आपला ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर पसंतीची भाषा कळवू शकतो; ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या संवादाच्या, एचटीटीपी १.१ या १९९७ च्या नियमावलीतच ती सोय आहे. पण खडेबाजारात नवा फोन घेतला की दुकानदार झटपट इंग्रजीवर बोट ठेवतो आणि तो फोन जन्मभर इंग्रजीच राहतो. त्यामुळे अहवालात गाव बेळगाव आणि भाषा इंग्रजी अशी नोंद होते. गावाचीही खात्री नसते, कारण मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या केंद्रातून बाहेर पडते त्या शहराचे नाव तिथे लागू शकते. मालक अहवाल पाहतो, मराठी वाचक जवळजवळ नाहीतच असे त्याला दिसते, म्हणून तो मराठी पान करत नाही. आणि पानच नाही, म्हणून पुढच्या महिन्यातही मराठी वाचक दिसत नाही. हे केवळ आपलेच रडगाणे आहे असे समजू नका. अक्कलकोट आणि जत तालुक्यांतल्या कन्नड घरांना महाराष्ट्रात राहतात म्हणून पुढ्यात मराठी पान आले, तर त्या घरातली मावशीही अशीच चहा टाकायला उठेल.

जाता जाता आणखी एक. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. माझ्या एका स्नेह्याच्या कुंद्याच्या दुकानासाठी केलेल्या संकेतस्थळावर गावांच्या यादीत मी तेवढेच एक नाव घातले, तेही इंग्रजीत. गिऱ्हाईक जुने स्पेलिंग टाकी आणि यादी त्याला सांगे की असे गाव नाही. बेळगावचा कुंदा बेळगावातच पोचेना! ही चूक सर्वस्वी माझी, हेही इथे कबूल करतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली, म्हणजे पाचच धरतो. तेव्हा पत्रिकेवरचा विषय.

१ जुलै २०२३ रोजी गुगलने जुनी, युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स नावाची पद्धत बंद केली आणि घटनांवर, म्हणजे पाहुण्याच्या एकेका कृतीच्या नोंदीवर, आधारलेली चौथी आवृत्ती सर्वांना घ्यावी लागली. तिच्या मोफत रूपात वापरणाऱ्यांचा बारीक तपशील जास्तीत जास्त चौदा महिने राहतो आणि आपण हात लावला नाही तर दोनच महिने, म्हणून घरी गेल्यावर आधी ती मुदत बदला. १२ मार्च २०२४ पासून गुगलच्या वेगाच्या निकषांत आयएनपी आला: बोट ठेवल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा काळ दोनशे मिलिसेकंदांच्या आत असावा. मावशीच्या फोनवर पाने झटकन बदलत होती. प्रत्येक पान कन्नडमध्ये बदलत होते, याची नोंद या निकषात कुठे होणार? ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांनी दाबण्याच्या जागेला किमान चोवीस बाय चोवीस पिक्सेलचे माप सांगितले आहे, काही अपवाद सोडून. त्या फुटबॉलला हे माप लावून पाहायला हवे. आणि आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, संमतीसाठी दिलेली सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा असे म्हटले आहे. त्या बावीस भाषांत कन्नड आहे तशी मराठीही आहे आणि इथे कोणती घ्यायची ते माणसाने ठरवायचे आहे, त्याच्या गावाने नव्हे.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहा आणि ती यादी गोलात न लपवता पानाच्या माथ्यावर उघडी ठेवा. कोणी भाषा बदलली तर ती घटना म्हणून नोंदवा, म्हणजे इंग्रजी फोनातला मराठी वाचक अहवालात दिसू लागेल. पानाची भाषा सांगणारी ‘लँग’ नावाची खूण असते; मराठी पानाच्या त्या खुणेत ‘एमआर’ (mr) लिहा; त्यामुळे पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात.

दुसरी चिठ्ठीही आली. ज्यांना आपल्या संकेतस्थळाची चाचणी करून हवी असेल त्यांनी पुढच्या रविवारी याच सभागृहात यावे आणि येताना घरातले एक वडीलधारे माणूस, त्यांचा स्वतःचा फोन व चष्मा घेऊन यावे. मालकांनी मागच्या रांगेत बसायचे आहे आणि काहीही झाले तरी बोलायचे नाही.