पीएच.डी.ची जागा आणि फेलोशिपचे पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली बरीच मुलं-मुली इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतात. त्यांतल्या ज्यांना फोटॉनिक्समध्ये, म्हणजे लेसर, ऑप्टिकल फायबर, प्रकाशावर चालणाऱ्या चिप अशा विषयांत पीएच.डी. करायची आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. पीएच.डी.ला जागा मिळणं वेगळं आणि दरमहा पैसे मिळणं वेगळं. हा फरक अर्ज भरण्याआधीच कळायला हवा.

यूजीसी नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएच.डी. प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा, हिचंच बघा. जून 2024 पासून तिचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप, फक्त पहिल्या गटाला. उरलेल्या दोन गटांतले उमेदवार प्रवेशाला पात्र ठरतात, पण नेटची फेलोशिप त्यांना मिळत नाही आणि ते गुणही प्रवेशासाठी वर्षभरच चालतात. म्हणून "नेट पास" एवढ्यावर थांबू नका, निकालपत्रावर जेआरएफ लिहिलंय का ते वाचा. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफ, म्हणजे वरच्या पायरीची फेलोशिप, झाल्यावर 42,000, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. यूजीसी नेटमध्ये इलेक्ट्रॉनिक सायन्स हा विषय आहे. भौतिकशास्त्रवाल्यांनी सीएसआयआर नेट, म्हणजे विज्ञान विषयांची नेट, द्यावी.

इंजिनीअरिंगवाल्यांची वाट गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेची. स्कोअर तीन वर्षं चालतो. बी.ई. नंतर थेट पीएच.डी.ची सोयही बऱ्याच आयआयटींत आणि बेंगळूरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, आहे. धारवाडची आयआयटी तर आपल्यापासून दीड-दोन तासांवर. सिलिकॉन फोटॉनिक्ससाठी आयआयटी मद्रास, लेसरसाठी इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, आणि कोचीच्या विद्यापीठात फोटॉनिक्सचा स्वतंत्र विभागच आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो प्रोजेक्ट जेआरएफमध्ये, म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पातल्या जागेत. इथे पैसे तुमच्या नावावर नसतात, प्रकल्पाच्या नावावर असतात. प्रकल्प संपला की पगार थांबतो. निधीचा हप्ता उशिरा आला तर तोवर वाट बघावी लागते. रुजू होण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी विचारा: प्रकल्पाचे किती महिने उरलेत, पीएच.डी.ची नोंदणी होणार का, आणि प्रकल्पानंतर फेलोशिप कुठून येणार. उत्तर लेखी घ्या. आणि कुठेही गेलात तरी मेस-हॉस्टेलचे तीन-चार महिन्यांचे पैसे जवळ असू द्या, पहिली फेलोशिप उशिरा जमा होते.

मुलाखतीत पाठांतर चालत नाही. एक नमुना सांगतो. फायबरमध्ये 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल कमी होतो. डेसिबल हे घट मोजायचं एकक, दर 10 डेसिबलला दहावा हिस्साच उरतो. बेळगाव ते कोल्हापूर 110 किलोमीटर धरा: 22 डेसिबल. एक मिलिवॅट सोडला तर पलीकडे सुमारे 6 मायक्रोवॅट पोचतो, म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा नाही. हे कागदावर मांडता आलं, की पुढचा प्रश्न येतो: जोड आणि कनेक्टर धरले का? तिथेच बरीच मुलं गप्प होतात. प्रकाश कसा पसरतो ते संगणकावर दाखवणारं मीप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एक साधा वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी वाट, चालवून बघितलात तर बोलायला स्वतःचं काही असेल.

युरोपात पीएच.डी. ही बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी असते, पण त्यासाठी सहसा मास्टर्स लागते. युरोपीय संघाच्या पैशांवर चालणाऱ्या मेरी क्युरी नेटवर्कमध्ये ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीत जागा पूर्ण वेळेची आहे की अर्ध्या, ते करारात बघा. पगार त्यावरच ठरतो.

आता दाखल्यांचं. कर्नाटकातली मागासवर्गांची 2ए, 3बी ही वर्गवारी केंद्रीय संस्थांत चालत नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला काढा. बऱ्याच संस्था तो चालू आर्थिक वर्षाचाच मागतात, म्हणजे फेब्रुवारीत काढलेला जुलैच्या प्रवेशाला अडतो. ऑगस्टच्या सत्राचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरले जातात, तेव्हा नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयात, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात जा.